भिवंडीतल्या मोहल्ला कमिट्या

मागून हा जो खटखट आवाज येतोय ना, तो यंत्रमागाचा. भिवंडीत जवळपास कुठल्याही गल्लीत शिरा, हाच आवाज, आणि तो बंद पडला की समजायचं शहरात काहीतरी बिघडलंय.

बिघडलं होतंच. १९७० ला दंगल, १९८४ ला परत दंगल, ती तर मुंबईपर्यंत पोचली. त्यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त म्हणून आले. तोवर पद्धत काय, तर पेटलं की कर्फ्यू, बंदोबस्त, आणि मग शांतता कमिटी, त्यात तेच ते पुढारी. खोपडेंनी दंगल नसतानाच लोकांना एकत्र बसवलं. अशा ७० मोहल्ला कमिट्या झाल्या, हिंदू-मुस्लिम सारख्याच संख्येने, पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं, आणि सोबत त्याच भागाचे पोलीस.

बोलायचं काय? तर नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, शेजाऱ्यांची भांडणं, असलंच रोजचं. किरकोळ वाटतं ना? पण मला विचाराल तर सगळं काम इथेच झालं, कारण जो हवालदार एरवी फक्त काठी घेऊन बंदोबस्ताला दिसायचा तो आता समोर बसून गटाराची तक्रार ऐकतोय, आणि शेजारी जो बसलाय त्याच्याशी इतकी वर्षं साधा नमस्कार-सलाम पण नव्हता. मग उद्या अफवा आली तर माणूस दगड उचलायच्या आधी ओळखीच्या कोणाला तरी विचारतो, खरं आहे का रे हे?

६ डिसेंबर १९९२. बाबरी पडली आणि मुंबई पेटली, डिसेंबर-जानेवारी मिळून ९०० माणसं गेली, या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हा आकडा आहे. आणि सगळ्यांना जिची धास्ती होती ती भिवंडी? शांत राहिली.

हे बघूनच पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, १९९४ मध्ये, निवृत्त पोलीस अधिकारी जुलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने.

इकडे भिवंडीत मात्र अधिकारी बदलत गेले, बैठका विरळ झाल्या. जुलै २००६, नव्या पोलीस स्टेशनच्या बांधकामावरून वाद पेटला, गोळीबारात माणसं गेली, आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना मारलं. दोन शिपाई हो. राहून राहून एकच वाटतं, त्या गर्दीत त्यांना नावाने हाक मारणारं एक जरी माणूस असतं तर.