खेळासाठीचा कॅमेरा संशोधनाच्या टेबलावर

मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हे एक काळे, आडवे उपकरण. एक्सबॉक्स ३६० या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर हातात काहीही न धरता, केवळ शरीराच्या हालचालींनी खेळता यावे, यासाठी तो नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आला. त्यातील प्रोजेक्टर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांची नक्षी खोलीभर टाकतो आणि शेजारचा कॅमेरा, ते ठिपके किती सरकले यावरून, समोरच्या वस्तूंचे अंतर काढतो. असे अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी प्रयोगशाळांना तोवर हजारो डॉलर मोजावे लागत. किनेक्ट सुमारे दीडशे डॉलरला मिळू लागला.

तो संगणकाला जोडण्याची सोय सुरुवातीला कंपनीने दिलेली नव्हती. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या न्यू यॉर्कच्या एडाफ्रूट कंपनीने मुक्त ड्रायव्हर, म्हणजे किनेक्ट संगणकावर चालवणारे व सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यास बक्षीस जाहीर केले आणि विक्री सुरू झाल्यापासून आठवड्याभरातच हेक्टर मार्टिन यांनी ते पटकावले. पुढे कॅलिफोर्नियातील विलो गॅरेज या रोबॉट-संशोधन कंपनीने किनेक्ट, आयरोबॉट कंपनीचा तयार चाकांचा पाया आणि एक लॅपटॉप एकत्र आणून टर्टलबॉट हा संशोधनाचा रोबॉट उभा केला. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांनी २०११ मध्ये किनेक्ट हातात धरून खोलीभर फिरवला आणि ग्राफिक्स कार्डाच्या (तेही मुळात खेळांसाठीचेच!) बळावर त्या खोलीचे त्रिमित प्रारूप फिरवता फिरवताच तयार केले.

अडचणीही होत्याच. दिवाणखान्यासाठी घडवलेला हा कॅमेरा कडक उन्हात निकामी ठरतो. शिवाय एकाच जागेवर दोन किनेक्ट रोखले, की एकाचे ठिपके दुसऱ्याच्या नक्षीत मिसळतात आणि मोजमापात जागोजागी भोके पडतात. यावर केंब्रिजमध्येच निघालेला तोडगा फारच देखणा आहे. किनेक्टला एक छोटी मोटर चिकटवायची, तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला वजन लावायचे आणि सगळे उपकरण थरथरवायचे. प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकाच सांगाड्यावर बसवलेले असल्यामुळे ते बरोबरच हलतात, म्हणून स्वतःचे ठिपके स्पष्ट राहतात. दुसऱ्याचे मात्र फराटे उमटून पुसट होतात. आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला हातही लावावा लागत नाही.

उत्पादन किती काळ चालेल, हे मात्र संशोधकांच्या हाती नव्हते. २०१७ मध्ये खेळाचा किनेक्ट बंद झाला. २०१९ मध्ये विकसकांसाठी आलेला अझ्युर किनेक्टही २०२३ मध्ये थांबला. आपले सॉफ्टवेअर एकाच कॅमेऱ्याला जखडून न ठेवता ज्यांनी सॉफ्टवेअर आणि कॅमेरा यांच्यामध्ये स्वतःचा एक जोडणीचा थर राखला होता, त्यांना दुसरा कॅमेरा जोडताना तेवढाच थर नव्याने लिहावा लागला.