एकच फांदी, सबंध वसंत

श्रोतेहो, नमस्कार.

शिगमो संपला, चैत्र लागला, आणि गोव्यातल्या सत्तरीच्या डोंगरांवर कुसुंब तांबडालाल झाला आहे. लांबून वाटतं झाड फुललं. ती फुलं नव्हेत, कोवळी पालवी आहे, आणि थोड्याच दिवसांत ती हिरवी होऊन इतर झाडांत मिसळून जाईल. म्हणून आजच सांगते: एक चित्रवही घ्या आणि या वसंतात घराबाहेर बसून झाडापेडांची चित्रं काढा. चित्रकला शिकलेली असावी लागत नाही. फक्त एक करा. एक फांदी निवडा आणि दर आठवड्याला तीच फांदी काढा. पुन्हा सांगते, दर वेळी नवं झाड शोधत फिरू नका. तीच फांदी.

सामान थोडंच लागतं. जाडसर कागदाची वही, टू-बी पेन्सिल, लहान रंगपेटी, पाण्याची बाटली. सकाळी नऊच्या आत उरका, नंतर पांढरा कागद उन्हात डोळ्यांवर येतो. चित्राआधी पानावर तारीख, गाव आणि वेळ लिहा. आणि पावसाळ्यात वही कपाटात कोंबू नका, आपल्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे.

काढताना आधी बघा, पानं समोरासमोर आली आहेत की एकाआड एक. फूल कुठून फुटलं आहे. सुरंगीचंच घ्या. तिची फुलं शेंड्याच्या पानांत सापडत नाहीत, जुन्या फांदीला गाठीगाठीशी चिकटून येतात. कळी उमलली की चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गच्च झुबका. सुरंगीचं नाव निघालंच आहे तर बोलते. बाजारात सुरंगीचे वळेसर घेऊन बसणाऱ्या बायकांशी कृपा करून घासाघीस करू नका. ती कळी सकाळी, उमलायच्या आत, झाडावर चढून खुडावी लागते आणि मग एकेक करून ओवावी लागते. सांगतील ते पैसे द्यावेत.

आता काजूची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझ्या आतेबहिणीचे यजमान वाळपईच्या पलीकडे पावणीत, म्हणजे लिलावात, काजूची बागायत घेतात. त्यांची नात शाळकरी आहे, रविवारी वही घेऊन आजोबांबरोबर डोंगरावर जाते. तिने आधी मोहोराचा एक तुरा काढला. काजूचं फूल ते केवढं, करंगळीच्या नखाएवढं. पण पोर नाक लावून बघत होती. तिने टिपलं की फूल उमलतं तेव्हा फिकं असतं, मग पाकळ्या मागे वळतात आणि गुलाबी होत जातात. आणि आतल्या केसरांपैकी एक बाकीच्यांहून चांगला लांब असतो. काजूच्या मुलखात जन्म काढलेल्यांनाही हा लांब केसर दाखवावा लागतो.

मग फुलं गळाली आणि तिथे हिरवी बी दिसू लागली. दर रविवारी बी मोठी. बोंडू म्हणाल तर बीच्या वरचा नुसता देठ. आजोबा म्हणाले, ‘आदीं बी, मागीर बोंडू. राव मात्शी.’ पण ओले बिबे, म्हणजे काजूच्या कोवळ्या बिया, भाजीसाठी काढायला माणसं येतात, त्यात ही फांदी गेली तर? आजोबांनी फांदीला तांबडी चिंधी बांधली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावलं, ‘हो खांदो चेडवाचो. हाका हात लावचो न्हय.’

बी पुरती वाढली, टणक झाली, आणि मग तो देठ फुगू लागला. आधीच्या चित्रात बी मोठी, बोंडू बारका. पुढच्या चित्रात दोघे सारखे. त्याच्या पुढच्यात बोंडू लालबुंद आणि बी त्याच्या टोकाला लोंबते आहे. खरं फळ ती बी आणि बोंडू म्हणजे फुगलेला देठ, हे पुस्तकात एका ओळीत असतं. तिच्या वहीत ते आपल्यादेखत घडत होतं.

एकदा संध्याकाळी ती वही घेऊन फेणीच्या भट्टीवर गेली. बोंडूंचा आंबवलेला रस उकळत होता, कामाची माणसं बसली होती. हात पुसून एकेकाने वही घेतली. एक जण म्हणाला, ‘हळदुवो बोंडू खंय?’ म्हणजे पिवळा बोंडू कुठे? तेवढ्यात बिया वेचणारी एक म्हातारी बाई वहीवर वाकली आणि म्हणाली, ‘हुमले खंय गेले?’

काय मोलाचा प्रश्न विचारला तिने! त्या बागायतीत झाडाझाडावर हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची, घरटी आहेत. वेचणाऱ्यांच्या हातापायांना ते रोज चावतात, पण काजूच्या मोहोरावर पडणाऱ्या ढेकण्या किडीलाही तेच आवरतात. पुढच्या रविवारी ती बाई काम आटपून पोरीशेजारी बसली आणि बोटाने दाखवत गेली. हुमले रांगेने पान कसं ओढून धरतात, आणि आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने दोन पानं कशी शिवतात. सबंध पानभर हुमले आले. आता बागायतीत कुणाला काही दिसलं की पोरीला हाक जाते.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं, त्यात झाडांची चित्रं नव्हती. पुढे १५७८ साली क्रिस्तोव्हाँव द कोश्ता यांनी त्याच विषयावर स्पेनमध्ये पुस्तक काढलं, तेव्हा चित्रं घातली. दूरच्या वाचकाला झाडाची ओळख पटते ती अशी.

आणि हो, ज्या झाडाचं चित्र काढाल त्याच्या बुंध्याला जाहिरातीची पाटी खिळ्यांनी ठोकलेली दिसली तर गावच्या पंचायतीला कळवा. झाडाला खिळे मारलेले मला सहन होत नाहीत.

काजू नसेल तर कुंपणाची करवंद घ्या, परसातली भिरंड, म्हणजे कोकम, घ्या. पणजीकरांनी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जावं. तिथे खारफुटीतल्या कांदळाची रोपं झाडावरच रुजून शेंगांसारखी लोंबतात, आठवड्याला किती लांबली ते वहीत मांडता येईल. तिथल्या अभयारण्यात काही तोडू नका, बसा आणि काढा. काजूचा हंगाम मे महिन्यात आटपतो, तेव्हा फांदी याच रविवारी ठरवा, चिंधी बांधा आणि घरातल्यांना सांगून ठेवा.

नमस्कार.