टीबीनंतरची पोकळी आणि बुरशी

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात मुंबईत कपाटामागच्या भिंतीवर काळपट-हिरवा थर धरतो, तो आपण पुसून टाकतो. पण अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात. दोन-तीन मायक्रॉनचा एकेक कण, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारा. धडधाकट माणसाच्या पेशी त्याचा तिथेच फडशा पाडतात. आज मला बोलायचंय ते टीबी बरा होऊनही फुफ्फुसात पोकळी राहून गेली, त्यांच्याशी. शिवडीच्या टीबी रुग्णालयाच्या पायऱ्या चढलेली अशी कितीतरी घरं या शहरात आहेत.

पोकळीत पडलेल्या बीजाणूला ओल आणि अंगाची ऊब पुरते. तो फुगतो, काही तासांत त्याला कोंब फुटतो, कोंबाचे तंतू होतात आणि तंतूंचा गुंता होऊन गोळा बनतो. स्कॅनमध्ये गोळ्यावर हवेची चंद्रकोर दिसते. रुग्ण कुशीवर वळला की गोळाही बऱ्याचदा सरकतो. खोकल्यातून रक्त पडतं, ते यामुळेही असू शकतं.

बुरशीच्या पेशीच्या पडद्याला एर्गोस्टेरॉल लागतं. आपल्या पेशींत त्याजागी कोलेस्टेरॉल असतं. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं एर्गोस्टेरॉल बनूच देत नाहीत, तर अ‍ॅम्फोटेरिसिन त्यालाच धरून पडदा निकामी करतं. कॅस्पोफंजिनमुळे बाहेरची भिंत नीट बांधली जात नाही आणि तंतूंची वाढती टोकं फुटतात. (सगळ्या बुरशींना एकच गोळी चालत नाही, बरं का. 2021 मध्ये थैमान घातलेल्या म्युकरवर, म्हणजे ‘काळ्या बुरशी’वर, व्होरिकोनॅझोलचा उपयोग होत नाही.)

निद्रिस्त बीजाणू मात्र काहीच बांधत नसतो, म्हणून ही औषधं त्याचं फारसं बिघडवू शकत नाहीत. तो रुजायला लागला की तावडीत सापडतो, आणि त्या वेळी औषध अंगात हवं. त्यात पोकळीपर्यंत औषध कमीच पोचतं, श्वासागणिक नवे बीजाणू येत राहतात. म्हणून उपचार निदान सहा महिने चालतो. खोकला कमी झाला म्हणून मध्येच गोळ्या सोडणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.

इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल जेवणाबरोबर घ्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत नको. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल भराभर संपवतं, तेव्हा डॉक्टरांना चालू असलेली प्रत्येक गोळी आणि टीबीची जुनी फाईल दाखवा. थुंकीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी जा.