उपकेंद्राच्या दारात थांबलेले नवरे

वाळवा तालुक्यातील एका उपकेंद्रात आज गरोदर मातांची तपासणी आहे. सिस्टर एका बाईच्या बोटाला टोचतात, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडतात, त्यावर द्रावण टाकतात आणि पट्टी टेबलावर सपाट ठेवून घड्याळाकडे पाहतात. या एकाच पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत एचआयव्ही आणि सिफिलीस या दोन्ही आजारांची प्राथमिक चाचणी होते. तिचा नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून आहे. त्याचे बोट आज कोणी टोचणार नाही.

सिफिलीसला पुस्तकात उपदंश म्हणतात आणि गावात गरमी. सोळाव्या शतकात हा आजार फिरंग्यांबरोबर आला असे मानून वैद्यांनी त्याला ‘फिरंग रोग’ असे नाव दिले होते. दोष बाहेरच्या माणसावर टाकण्याची सवय इतकी जुनी आहे. १९०५ मध्ये जर्मनीत त्याचा मळसूत्री आकाराचा जिवाणू सापडला. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात एक व्रण येतो. तो दुखत नाही, आणि घात होतो तो इथेच. मेडिकलमधून आणलेले मलम लावता लावता तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, माणूस बरे वाटले म्हणून निर्धास्त होतो आणि जिवाणू मात्र रक्तात तसाच राहतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे उठतात, तेही जातात, आणि मग कित्येक वर्षे कोणतेच लक्षण दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८० लाख लोकांना सिफिलीसची नव्याने लागण झाली. आपल्या गावातले प्रमाण किती, हा प्रश्न मात्र इतक्या सरळ उत्तराचा नाही. नियमाने तपासले जाते ते मुख्यतः गरोदर बाईचे रक्त, आणि पुरुष तपासणीला येतो तो त्रास झाला तरच. शिवाय काही चाचण्या आजार बरा झाल्यावरही आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतात, त्यामुळे प्रत्येक पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे आजचा आजार असेही म्हणता येत नाही. बायकांच्या रक्तावरून अख्ख्या गावाचा अंदाज बांधणे मला अपुरे वाटते आणि अन्यायाचेही, कारण ज्या घरात बाईचा अहवाल आधी येतो तिथे संशयही आधी तिच्यावरच येतो.

जोखीम कामाच्या वाटेने येते. जावळी-पाटणचे पुरुष मुंबईत माथाडी म्हणून राबतात, खानापूर-आटपाडीचे गलाई कामगार देशभरातील शहरांत सोने-चांदी गाळतात, आणि दिवाळीच्या सुमारास बीडकडील आणि जतकडील कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, उसाच्या फडावर उतरतात. स्थलांतर हे आजाराचे कारण नव्हे. महिनोन्‌महिन्यांची ताटातूट, निरोध न वापरता आलेले संबंध, दारू, दूर असलेला दवाखाना आणि सांगायची लाज यांतून संसर्गाला वाट मिळते. ज्यांच्याकडे सर्वात आधी बोट दाखवले जाते, त्या सांगलीच्या गोकुळनगरमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी तर १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून निरोधाचा प्रसार स्वतः केला आहे.

गरोदरपणात उपचार झाला नाही, तर निम्म्याहून अधिक वेळा बाळाला त्याची झळ बसते. गर्भ जातो, मूल मृत जन्मते किंवा आजार घेऊन जन्मते. उपाय मात्र जुना आणि स्वस्त आहे. बेंझाथिन पेनिसिलिनची पांढरी भुकटी पाण्यात घोळली की दाट दुधासारखी होते. ते औषध जाड सुईने कमरेच्या स्नायूत हळूहळू सोडावे लागते, आणि ते दुखते. आजार लवकर लक्षात आला तर २४ लाख युनिटचा एक डोस पुरतो. लागण कधी झाली हे कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस द्यावे लागतात. नवऱ्याला उपचार मिळाला नाही, तर बरी झालेली बाई त्याच्याकडून पुन्हा बाधित होऊ शकते.

ऊसतोड मजुरांच्या टोळीत तिसऱ्या डोसच्या आधीच फड बदलतो, आणि गरोदर बाईचा डोस फार लांबला तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. म्हणून सिस्टर अशा बाईच्या कार्डावर तिन्ही तारखा मोठ्या अक्षरात लिहितात, पुढच्या गावच्या आशाताईंना फोन लावतात आणि फोन कानाशी धरूनच बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला हाक मारतात.