फोन कुणी लावला?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘मोबाईल कंपनीच्या नावाने येणारा खोटा फोन कसा ओळखावा’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी माझ्या ताईची गोष्ट सांगतो. तिला विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, ‘सांग, कुणीतरी वाचेल.’

ताई गणिताची शिक्षिका. निवृत्त झाली तरी हिशेबातली चूक तिच्या नजरेतून सुटत नाही. तिला एके दुपारी फोन आला. स्क्रीनवर मोबाईल कंपनीचं नाव. बोलणारा नम्र, तिचं पूर्ण नाव आणि पत्ता बिनचूक सांगणारा. मागे आणखी माणसं बोलत असल्याचा आवाज. ‘मॅडम, तुमच्या सिमची पडताळणी अपुरी राहिलीय. दोन तासांत सेवा बंद होईल. पण काळजी करू नका, मी लाइनवरच थांबतो, आत्ता करून टाकू.’ मग त्यानं एक कोड सांगितला. ताईनं तो वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं उतरवून घेतला: स्टार स्टार २१ स्टार, पुढे एक नंबर, शेवटी हॅश. तो कागद मी जपून ठेवलाय. वळणदार अक्षर आणि नंबर पुन्हा ताडून पाहिल्याची खाली बारीक रेघ.

हा कोड खोटा नाही, हे लक्षात घ्या. जीएसएम, म्हणजे जगभर रूढ असलेल्या पद्धतीच्या मोबाईल जाळ्यांवर ‘माझे सगळे कॉल या नंबरवर वळवा’ असं सांगायचा तो अधिकृत कोड आहे. त्यानं एसएमएस वळत नाहीत, फक्त कॉल वळतात. पण बऱ्याच सेवा ओटीपी फोन करूनही सांगतात ना? त्या भामट्यानं ताईच्या नंबरावर चॅटचं खातं उघडायला घेतलं, ओटीपी फोनवर मागितला आणि तो फोन थेट त्याच्याकडे वाजला. ताईच्या फोनवरचं चॅट बंद पडलं. तिला वाटलं, पडताळणी चालू असेल. संध्याकाळपर्यंत तिच्या नावाने ओळखीच्या सगळ्यांकडे ‘अडचण आहे, पैसे पाठव’ असे मेसेज गेले होते. एका जुन्या विद्यार्थ्यानं लगेच पाठवलेही. मी रात्री फोन लावला तेव्हा कुणीतरी उचलला, एक शब्द बोललं नाही आणि ठेवून दिला.

नंतर जो तो एकच विचारायचा, ‘एवढी शिकलेली बाई फसली कशी?’ या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. ताईनं मला काय विचारलं ते ऐका. ‘अरे, पण नाव तर कंपनीचंच आलं होतं!’ मी तिचा फोन उघडून पाहिला. कंपनीचा ग्राहकसेवेचा नंबर तिनंच कधीतरी नावानिशी साठवून ठेवला होता. भामट्यानं नुसता तो नंबर पुढे केला. नाव तिच्याच फोननं तिच्याच यादीतून काढून दाखवलं.

आपला नंबर म्हणून काय दाखवायचं, हे फोन जिथून निघतो तिथूनच कळवलं जातं. दूरध्वनीची जाळी एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचा पाया १९७० च्या दशकातला. तेव्हा जोडलेल्या कंपन्या मोजक्या होत्या, एकमेकींवर विश्वास होता. आता इंटरनेटवरून कॉल सोडणारे कितीतरी जण त्यात शिरलेत. काही देशांत यावर तांत्रिक उपाय सुरू झालेत, पण अजून सगळीकडून फट बुजलेली नाही. एसएमएसचंही तेच. पाठवणाऱ्याच्या जागी ११ अक्षरांपर्यंतचं नाव घालता येतं, आणि तेच नाव असलं की तुमचा फोन खोटा मेसेज खऱ्या मेसेजांच्या रांगेत नेऊन बसवतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, आवाज, नाव, नंबर, माहिती यांवरून फोन ओळखायच्या भानगडीत पडू नका. फोन कुणी लावला, ते बघा. त्यांनी लावला असेल तर ठेवा. मग बिलावरचा नंबर पाहून स्वतः लावा.

या फसवणुकीला खऱ्या कंपन्यांचाही हातभार आहे. ताईनं तक्रार केली. दोन दिवसांनी कंपनीच्या खऱ्या माणसाचा फोन आला. त्याचा पहिलाच प्रश्न, ‘पडताळणीसाठी जन्मतारीख सांगा.’ ताईनं फोन ठेवला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तर तक्रारीत शेरा पडला, ‘ग्राहकाने सहकार्य केले नाही.’ ग्राहकाला फोन करून त्याच्याचकडे ओळख मागायची ही पद्धत बंद झाली पाहिजे. हे मी प्रत्येक व्यासपीठावर बोलणार.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा भराभर सांगतो. ओटीपी, सिमवर छापलेला लांबलचक नंबर, ई-सिमचा क्यूआर कोड, यातलं काहीही फोनवर मागितलं की बोलणं तिथेच थांबवा. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तरी तेच. ‘सिम अपग्रेड होतंय, फोन दोन तास बंद ठेवा’ हा तर फार वाईट प्रकार. तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर जात असतो आणि रेंज गेलेली तुम्हाला कळू नये म्हणून ही सूचना असते. शेजारच्याला रेंज आहे, तुम्हाला नाही, फोन चालू-बंद करूनही येत नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा नंबर असाच पळवला गेला आणि त्यांच्याच खात्यावरून भलतेसलते ट्विट पडले. तेव्हा ‘शिकलेला माणूस’ हा शब्द कृपया कुणी काढू नका.

आता सगळ्यांनी फोन हातात घ्या. स्टार हॅश २१ हॅश दाबा आणि कॉल करा. सगळे कॉल कुठे वळवलेत का, ते स्क्रीनवर येईल. अनोळखी नंबर दिसला तर हॅश हॅश ००२ हॅश दाबा, वळवलेलं सगळं रद्द होतं. ज्यांना दाबता येत नसेल त्यांनी शेजाऱ्याला विचारा, मी थांबतो. मागच्या रांगेतल्या आजी, तुमचा फोन घेऊन मीच येतो खाली.