नकाशावरची रेघ, पालिकेचा खर्च

ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत ११ गावं आली, जून २०२१ मध्ये आणखी २३. तेव्हा हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली, मुंबईपेक्षाही मोठी झाली. नव्या गावाला घरपट्टी लगेच शहराच्या दराने लागत नाही. ग्रामपंचायतीच्या दरापासून ती टप्प्याटप्प्याने चढते. कचरागाडी, दिवे आणि टँकर मात्र पहिल्या दिवसापासून हवे असतात.

जकात गेली, तिच्या जागी आलेली एलबीटीही (स्थानिक संस्था कर) गेली. आता राज्याकडून जीएसटीची भरपाई येते, वर्षाला ८ टक्के वाढीने. ती ठरलेली रक्कम. पालिकेच्या स्वतःच्या हातात उरतात मुख्यतः दोन गोष्टी: घरपट्टी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. घरपट्टी दरवर्षी येते. परवानगी देताना मिळणारं विकसन शुल्क आणि प्रीमियम (जादा बांधकामासाठीचे पैसे) एकदाच. त्या एकदाच आलेल्या पैशावर घातलेली जलवाहिनी पुढे कायम सांभाळावी लागते, आणि गोची नेमकी तिथेच होते.

(दृश्य: उपनगरातली गल्ली, खोदलेला चर)

हिशेबासाठी १०० मीटरची गल्ली धरू. पंधरा मीटर रुंदीचे बंगल्यांचे प्लॉट असतील, तर दोन्ही बाजूंना मिळून बारा घरं. त्याच गल्लीत २५ मीटर दर्शनी बाजूच्या चार मजली इमारती, मजल्यावर चार सदनिका, तर आठ इमारतींत घरपट्टीची १२८ बिलं. नळाचा व्यास वाढेल, पण चर, डांबर आणि खांब जवळजवळ तेवढेच. बंगल्याची घरपट्टी जास्त असते हे खरं; दहापट मात्र नसते.

म्हणून नुसती दाटी करून भागतं का? गुंठेवारी बघा. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे, मधे जेमतेम दहा फुटांचा बोळ. बिलं भरपूर, पण जेसीबी आत जात नाही, त्यामुळे खोदाई हाताने. पिण्याच्या पाण्याची आणि मैल्याची वाहिनी एकमेकींना खेटून जाते. एक गळली की दुसरीत मिसळण्याची भीती. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामं शुल्क घेऊन नियमित करायची सोय झाली, २०२१ मध्ये तिची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. शुल्क भरून कागद नियमित होतो, बोळ रुंद होत नाही.

(दृश्य: कात्रज-कोंढवा रस्ता)

रुंदीसाठी जागा नंतर घ्यायची म्हटलं की काय होतं, ते इथे दिसतं. शहराच्या विकास आराखड्यात हा रस्ता ८४ मीटरचा. टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क) घ्यायला जमीनमालक फारसे तयार नव्हते, त्यांना रोख मोबदला हवा होता. शेवटी रुंदी ५० मीटरवर आणावी लागली.

आराखड्यात शाळेसारख्या सोयींसाठी राखलेल्या जागांचं, म्हणजे आरक्षणांचंही तसंच. आराखडा मंजूर झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. शाळेसाठी राखलेल्या जागेवर मग सोसायटी उभी राहू शकते. त्या भागात पुन्हा शाळेला जागा हवी झाली, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारमूल्याच्या दुप्पट मोजावे लागतात, तेही त्या वेळच्या दराने.