दरवाजावरची तारीख

(दृश्य: जुन्या स्कूटरचं हँडल. त्याच्या बाजूला गंजलेली, रिकामी, गोल डबी.)

ही डबी माझ्या वडिलांच्या स्कूटरची. झाकणाला काच होती आणि काचेमागे टॅक्सचं टोकन असायचं. कागद लहान, पण त्यावरची तारीख शेजारच्या पोरालाही वाचता यायची. मुदत संपत आली की वडील आरटीओच्या रांगेत उभे राहायचे आणि घरी येऊन नवं टोकन डबीत बसवायचे. जुनं टोकन मला खेळायला मिळायचं. पुढे टोकनाची गरज उरली नाही, तेव्हा आईनं त्या डबीत तुळजाभवानीचा फोटो कापून लावला.

गाडीचा कर भरलाय हे काचेवर लावून दाखवायची सक्ती असावी का, हा प्रश्न मला या डबीपाशी पडला. आणि उत्तर शोधत मी अंबाजोगाईच्या काळीपिवळीच्या, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या जीपच्या, स्टँडवर येऊन पोहोचलो.

(दृश्य: पहाट. स्टँडवर उभ्या जीपगाड्या. नंबरप्लेटवर एमएच ४४.)

आधी खासगी गाड्यांचं सांगून टाकतो, कारण त्यात फारसं काही नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली मुंबई मोटार वाहन कर कायदा झाला. पुढे दुचाकी आणि खासगी मोटारींना एकरकमी कर लागू झाला. शोरूममधून मोटारसायकल घेतली की इंजिनाच्या आकाराप्रमाणे किमतीच्या १० ते १२ टक्के कर तिथंच भरला जातो. तो भरल्याशिवाय नंबर पडत नाही. म्हणजे नंबरप्लेट हीच कराची पावती झाली. दुधाचे कॅन लावून केजच्या बाजाराला निघालेल्या माणसाला आणखी एक कागद काचेवर लावायला सांगणं म्हणजे त्याला विनाकारण दंडाच्या तोंडी देणं आहे. गाडीला १५ वर्षं झाली की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येतो, तेवढा भाग वेगळा. पण तोही सरकारच्या 'वाहन' या संगणकीय नोंदीत दिसतो. रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या आरटीओच्या वायुवेग पथकाला तो काचेवर शोधायची गरज नाही.

२०१८ साली केंद्रानं राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरा. तेव्हापासून आरसी बुक, विमा, पीयूसी सगळं मोबाइलमध्ये गेलं. चालकाची सोय झाली, पोलिसांची झाली. चांगलंच झालं. पण वडिलांच्या डबीतलं टोकन आणखी एकाला दिसायचं, रस्त्यावरच्या साध्या माणसाला. मोबाइलमधला कागद त्याला दिसत नाही. आणि मराठवाड्यात तो साधा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच गाडीत बसलेला असतो.

(दृश्य: धारूरचा घाट. वळणावर भरलेली जीप चढतेय. मागच्या फुटबोर्डवर दोन माणसं.)

एसटी चुकली की काळीपिवळी. दवाखान्याला जायचं असो, कॉलेजला किंवा तेराव्याला, धारूरच्या घाटात हीच गाडी. तिची दर्शनी काच मी जवळून पाहिली. वर 'आईवडिलांचा आशीर्वाद', खाली मालकाच्या दोन पोरांची नावं, मध्ये लिंबू-मिरची, डाव्या कोपऱ्यात नव्या नंबरप्लेटसोबत मिळालेला इंधनाच्या रंगाचा स्टिकर. तो स्टिकर गाडी डिझेलची की पेट्रोलची ते सांगतो. पासिंग, म्हणजे फिटनेसची मुदत, कधी संपतंय, विमा चालू आहे का, टॅक्स कुठपर्यंत भरलाय, यातलं अक्षरही कुठं नाही.

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांचा हिशोब खासगी गाडीसारखा एकदा करून संपत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस तपासून घ्यावा लागतो. परमिटची मुदत वेगळी, विम्याची वेगळी. ब्रेक कुणी तपासले, कधी तपासले, हे त्या तारखांत लिहिलेलं असतं. आणि विमा नसेल, तर अपघातानंतर दावा न्यायाधिकरणात जिंकूनही पैसे मालकाकडूनच वसूल करावे लागतात. ज्याची एकच जीप होती आणि तीही घाटात गेली, त्याच्याकडून काय वसूल होणार? आमच्या गल्लीतल्या एका घरानं हे भोगलंय. गाडीचा विमा चार महिन्यांपूर्वी संपला होता, हे त्यांना पंचनाम्याच्या दिवशी समजलं.

कुणी म्हणेल, ॲपवर नंबर टाकून बघा की. मी बघितलं. आधी मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी यायची वाट बघायची, मग लॉगिन, मग गाडीचा नंबर. तोवर जीप भरून निघालेली असते. कडेवर लेकरू आणि हातात पिशवी असलेल्या बाईनं हे कधी करायचं?

(दृश्य: ऊसतोड टोळी. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, वर संसार.)

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. ट्रॉलीवर भांडी, सरपण, शेळी, म्हातारी माणसं, लहान पोरं. मुळात ट्रॅक्टर हे माणसं वाहून न्यायचं वाहनच नव्हे. तरी दरसाल हजारो माणसं त्यावरूनच जातात. रात्री मागून येणाऱ्याला कित्येकदा ट्रॉलीचा नंबरही दिसत नाही, कागदांची तर बातच सोडा. या माणसांचा विचार केला की काचेवरचा कागद ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही.

ब्रिटनमध्ये असा गोल कागद १९२१ पासून गाडीच्या काचेवर असायचा. सगळी नोंद संगणकात आहे, रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचतात, मग कागद कशाला, म्हणून १ ऑक्टोबर २०१४ पासून तो बंद झाला. तिथल्या सरकारच्या रस्त्यावरच्या पाहणीत २०१३ साली कर न भरलेल्या गाड्या ०.६ टक्के होत्या. २०१५ साली त्या १.४ टक्के निघाल्या आणि २०१७ साली १.८ टक्के. सगळा दोष कागद काढल्याला देता येत नाही. त्याच वेळी नियम बदलला आणि गाडी विकल्यावर उरलेला कर नव्या मालकाकडे जाणं थांबलं. कित्येकांना ते कळायलाच वेळ लागला असणार. पण तारीख रोज डोळ्यांसमोर असली की मालकालाही आठवण राहते, हे मी घरातच पाहिलंय.

२०२२ साली केंद्रानं एक मसुदा काढला होता. फिटनेसची मुदत दर्शनी काचेच्या डाव्या बाजूला वर, निळ्या पट्टीवर पिवळ्या अक्षरांत लावावी, असं त्यात होतं. दिशा बरोबर होती. पण प्रवासी दर्शनी काचेसमोर उभा राहून गाडीत चढत नाही. तो मागच्या दरवाजातून चढतो.

(दृश्य: जालना, एमआयडीसीचा रस्ता. सळया भरायला थांबलेले ट्रक. एक पेंटर दारावर आकडे काढतोय.)

इथं मला नमुना सापडला. बऱ्याच ट्रकच्या दाराखाली वजन, परमिट, फिटनेस, टॅक्स, विमा, सगळ्यांच्या तारखा रंगानं लिहिलेल्या असतात. पेंटर आधी थिनरच्या बोळ्यानं मागच्या वर्षीचा आकडा पुसतो. वर्षानुवर्षं पुसून तेवढीच जागा फिकट झालेली असते. मग एका दमात नवा आकडा. बाकीची ओळ तशीच ठेवतो.

ट्रकमधल्या सळयांना जे वाचायला मिळतं, ते जीपमधल्या माणसांना का मिळू नये? पासिंग, विमा, परमिट, टॅक्स. चार तारखा, मागच्या दरवाजावर, मराठी आकड्यांत, वितभर उंचीच्या. खोटी तारीख कुणी लिहिलीच तर नंबरवरून पोलिसांना ती एका मिनिटात पडताळता येते, आणि खोटं लिहिल्याचा दंड न लिहिल्याच्या दंडापेक्षा मोठा ठेवता येतो.

(दृश्य: पुन्हा अंबाजोगाईचा स्टँड. जीप निम्मी भरलीय.)

परतताना मी चालकाला विचारलं, "मामा, गाडीचे कागद बघू का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून मोबाइल काढला. स्क्रीनला तडा गेलेला. विमा चालू होता. पासिंग संपायला दोन महिने होते. लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

"आजपस्तोर कुन्या पॅसिंजरनं इचारलं नव्हतं बघा," तो म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या आजीबाईंनी मान पुढे करून तो मोबाइल स्वतःकडे वळवून घेतला.